दारावरची पाटी, हातातली किल्ली

दादरच्या कॅटरिंग कॉलेजातून बाहेर पडले आणि पुढची एकतीस वर्षं हॉटेलांच्या हाउसकीपिंगमध्ये काढली. आधी मुंबईत फ्लोअर सुपरवायझर, मग गोव्यात एका समुद्रकाठच्या रिसॉर्टची एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर. परक्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरले. पाहुण्याच्या खोलीत कोणी, केव्हा आणि कसं शिरायचं हा प्रश्न मला रोज पडायचा. या वेळी आलेल्या पत्रांतली तीन पत्रं त्याच प्रश्नाची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली.

प्रश्न : ताई, मी 62 वर्षांची, पुण्याची. मार्चमध्ये मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा तो आम्हाला दोघांना लास व्हेगास दाखवायला घेऊन गेला. ह्यांचं पोट बिघडल्यामुळे दोन दिवस आम्ही दाराला ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी लावून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला दारावर थाप पडली आणि मी ‘वन मिनिट’ म्हणेपर्यंत ब्लेझर घातलेले दोन पुरुष आत आले. मी परकर-पोलक्यावर होते, केस ओले. त्यांनी बाथरूममध्ये, कपाटात डोकावून पाहिलं, ‘थँक यू’ म्हणाले आणि गेले. मुलगा म्हणतो, इथे नियमच आहे. मला अजून आठवलं की धडधडतं. आमचं काही चुकलं का?

तुमचं काहीही चुकलेलं नाही, हे आधी सांगते. पाटी लावणं हा पाहुण्याचा हक्क आहे, आणि ‘वन मिनिट’ म्हटल्यावर तो मिनिट मिळायलाच हवा होता.

मुलगा म्हणतो तो नियम मात्र खरा आहे. 1 ऑक्टोबर 2017 च्या रात्री लास व्हेगासच्या मँडले बे हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एका पाहुण्याने समोरच्या मैदानातल्या संगीत महोत्सवावर गोळीबार केला. बळींची संख्या पुढे 60 झाली. तो माणूस 25 सप्टेंबरपासून तिथे राहत होता आणि रोज थोड्या थोड्या बॅगा करून त्याने वीसहून जास्त बंदुका खोलीत नेल्या होत्या. त्यानंतर तिथल्या हॉटेलांनी पाटीचा अर्थच बदलला. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या काही रिसॉर्टांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी काढून ‘रूम ऑक्युपाइड’ची आणली, म्हणजे ‘खोलीत माणूस आहे’ एवढंच, आणि दिवसातून एकदा तरी आत येण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. लास व्हेगासमध्ये कुठे चोवीस तासांनी, कुठे सलग दोन दिवस पाटी राहिली की खोली पाहायची असं ठरलं. हॉटेलच्या मालक कंपनीला पुढे जखमींच्या आणि मृतांच्या कुटुंबीयांशी 80 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. एवढी रक्कम ऐकल्यावर कुठलाही हॉटेलमालक नियम कडक करणारच.

पण त्या घटनेतली एक गोष्ट मला हाउसकीपिंगवाली म्हणून सतत टोचते. त्या माणसाच्या मुक्कामात हॉटेलच्या लोकांशी त्याची अनेकदा गाठ पडली होती. त्याच्या बॅगा सर्व्हिस लिफ्टने वर चढवायला बेलबॉयनीच हात लावला होता. वागण्यात कोणालाच काही वावगं दिसलं नाही. बंद बॅगेत काय आहे ते दारातून दोन मिनिटं डोकावून कळत नाही. म्हणून रोजच्या तपासणीने तसा माणूस सापडेलच, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तरी तपासणी नकोच असंही मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण माझ्या नोकरीतलं आहे. मुंबईत मी सातव्या मजल्याची सुपरवायझर होते. एक वयस्कर गृहस्थ नेहमी यायचे, एकटे, स्वभावाने तापट. एकदा त्यांच्या दारावरचा लाल दिवा, म्हणजे पाटीऐवजी असणारा ‘डू नॉट डिस्टर्ब’चा दिवा, आदल्या संध्याकाळपासून पेटलेला होता. आमच्याकडची पद्धत अशी, की दुपारी दोनपर्यंत दिवा तसाच असला तर सुपरवायझरने खोलीत फोन करायचा. उत्तर नाही आलं तर ड्यूटी मॅनेजरला कळवायचं, मग तो सिक्युरिटीला घेऊन येतो आणि ई-कीने, म्हणजे आतून लावलेलं कुलूपही उघडणाऱ्या किल्लीने, दार उघडतो. मी दोनला फोन केला. उत्तर नाही. झोपले असतील, उगीच ओरडतील, म्हणून मी वर कळवलं नाही. चार वाजता कळवलं. दार उघडलं तेव्हा ते बाथरूमच्या फरशीवर पडलेले होते, खुब्याचं हाड मोडलेलं, शुद्धीवर. रात्रीपासून तसेच. स्ट्रेचरवर घेताना ते मला म्हणाले, “सकाळी तुमच्या ट्रॉलीचा आवाज मी दोनदा ऐकला. हाका मारल्या.” व्हॅक्यूमच्या आवाजात त्या हाका आम्हाला ऐकू आल्या नव्हत्या. ते दोन तास माझ्यामुळे वाढले, हे मी कधी विसरले नाही.

तुमचे पती आजारी होते आणि दोन दिवस दार बंद होतं. कोणीतरी चौकशी करायला हवीच होती. पण आधी फोन करून. मग दार वाजवून, नाव सांगून, आतून उत्तर येईपर्यंत थांबून. आणि खोलीत बाई आहे हे रजिस्टरवर लिहिलेलं असताना दोघांत एक तरी बाई हवी होती. यातलं एकही केलं नसेल, तर सुरक्षेचा नियम सांगून त्यांना सुटता येणार नाही.

हा प्रश्न फक्त आपल्या मराठी बायकांचा नाही. ऑगस्ट 2018 मध्ये लास व्हेगासमध्येच संगणक सुरक्षेची डेफ कॉन ही परिषद भरली होती. तिथे एकट्या राहिलेल्या बायकांनी हीच तक्रार केली : अचानक पुरुष दार ठोठावतात, आत यायचं म्हणतात, ते खरंच हॉटेलचे आहेत हे आम्ही कशावरून ओळखायचं? कुलूप कसं फोडतात ते ज्यांना पाठ असतं, त्या बायका हे विचारत होत्या.

पुढच्या वेळी एवढं करा. खोली घेतानाच काउंटरवर विचारा, पाटी लावली तर तुम्ही किती तासांनी येता? आजारपण असेल तर रोज स्वतः फोन करून सांगा की आम्ही ठीक आहोत, खोली पाहायची असेल तर साडेदहाला या, बाईमाणूस पाठवा. मुलाला बोलायला सांगा, बहुतेक जण ऐकतात. आत असताना कुलुपाशिवाय वरची आडवी पट्टी किंवा साखळी लावा. किल्लीने कुलूप उघडलं तरी दार चार बोटंच सरकतं, आणि साडी नेसायला तेवढा वेळ मिळतो. कोणी आलंच तर दार न उघडता खोलीतल्या फोनवरून रिसेप्शनला विचारा, माणूस तुम्हीच पाठवलाय का? बाहेरच्याने दिलेला नंबर फिरवू नका.

आणि ते पोलीस नव्हते, हेही लक्षात असू द्या. पाहुण्याच्या खोलीची झडती घ्यायला हॉटेलचा कारकून पोलिसांना परवानगी देऊ शकत नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1964 मध्ये, स्टोनर नावाच्या माणसाच्या खटल्यात, सांगून ठेवलं आहे. हॉटेलचे लोक येतात ते बुकिंगच्या वेळी आपण मान्य केलेल्या अटींवर. ते खोली पाहू शकतात, म्हणून तुमची बॅग उघडू द्यायची असं नाही.

त्या हॉटेलला ईमेल जरूर करा. तारीख, खोली क्रमांक, वेळ आणि ‘मी थांबा म्हटलं होतं’ हे वाक्य. मुलाला संकोच वाटला तर माझं नाव सांगून लिहायला लावा.

प्रश्न : आम्ही नाशिकचे. जानेवारीत गोव्याला गेलो होतो, सोबत सासू-सासरे आणि नुकतं लग्न झालेले दीर-जाऊ. चेक-आउटला सगळे रिसेप्शनवर उभे असताना वरून वॉकीटॉकीवर मोठ्याने आवाज आला, “304 मध्ये एक टॉवेल शॉर्ट, बेडशीटला डाग.” ती खोली नव्या जोडप्याची. जाऊबाईंच्या हाताची मेंदी चादरीला लागली होती. सासऱ्यांसमोर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डागाचे दीड हजार लावले. टॉवेल नंतर बाल्कनीत वाळत घातलेला सापडला. ही रूम चेकची पद्धत बरोबर आहे का?

तुमचं पत्र वाचून मला फार राग आला, कारण ती वॉकीटॉकी मी वर्षानुवर्षं हातात धरलेली आहे आणि तीवर काय बोलायचं हे शिकवणं माझंच काम होतं.

निघताना खोली पाहतात, कारण मिनीबारमधलं काय घेतलं ते बिलात लावायचं असतं आणि टॉवेल, बाथरोब मोजायचे असतात. पण माझ्या दृष्टीने खरं कारण वेगळं आहे : पाहुणा विसरलेली वस्तू तो दारात असतानाच त्याच्या हातात पडावी. चार्जर, कवळी, उशीखालचं पाकीट. एकदा एका चादरीच्या घडीत मंगळसूत्र सापडलं होतं. तेव्हा बाई अजून लॉबीत होत्या. अर्ध्या तासाने चादर शंभर चादरींबरोबर लाँड्रीत गेली असती आणि संशय आमच्या रूमबॉयवर आला असता. नीट केलेली तपासणी पाहुण्याला वाचवते तशी गरीब पोरालाही वाचवते.

पण ती गाजावाजा करून करायची गोष्ट नाही. रूमबॉयने रिसेप्शनला फोन करावा, रिसेप्शनवाल्याने हळूच विचारावं, “मॅडम, एखादा टॉवेल बाल्कनीत राहिलाय का?” एवढंच. नव्या नवरीच्या चादरीबद्दल चारचौघांत बोलू नये हे कळायला ट्रेनिंगही लागू नये.

डागाचं म्हणाल तर मेंदी, हळद, काजळ हे लाँड्रीचं रोजचं काम आहे. डाग निघतो की नाही हे धुतल्यावर कळतं, काउंटरवर उभं राहून नाही. पैसे लावायचेच असतील तर दर कुठे लिहिला आहे तो दाखवा, म्हणावं. लेखी दर नसेल तर देऊ नका. गाडी चुकायच्या भीतीने द्यावेच लागले, तर बिलावर ‘मान्य नसताना दिले’ असं लिहून सही करा, फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा. तुमचं बिल अजून हातात असेल तर आताही करा.

आणखी एक सवय लावून घ्या. निघण्याआधी अर्धा तास स्वतःच फोन करून सांगा, “रूम चेक करून घ्या, आम्ही आतच आहोत.” टॉवेल तुमच्यादेखत मोजले जातील. खाली फक्त चावी द्यायची आणि निघायचं. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. मेंदीचा डाग ही लपवायची गोष्ट नाही.

प्रश्न : मॅडम, मी महाबळेश्वरला एका हॉटेलात हाउसकीपिंगला आहे, वय 22. आता रोज प्रत्येक खोली चेक करून तिचे फोटो आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला सांगितलं आहे. पाहुण्यांचं सामान, कपडे, औषधं सगळं फोटोत येतं. ग्रुपमध्ये पस्तीस जण आहेत. मला बरं वाटत नाही, पण नाही म्हटलं तर नोकरी जाईल. काय करू?

बेटा, तुला बरं वाटत नाही हे अगदी बरोबर आहे. पाहुणा राहत असलेल्या खोलीचा फोटो काढायचा नाही. रिकाम्या, आवरलेल्या खोलीचा हवा तर काढ.

ऑक्टोबर 2022 आठव. टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी भारतीय संघ पर्थला होता आणि कोणीतरी विराट कोहलीच्या हॉटेलच्या खोलीत शिरून व्हिडिओ काढला. त्याचे बूट, कपडे, टेबलावरच्या वस्तू, सगळं जगाने पाहिलं. त्याने स्वतः तो व्हिडिओ टाकून जाहीर नाराजी व्यक्त केली आणि हॉटेलला माफी मागावी लागली. कोहलीच्या शब्दाला वजन होतं म्हणून एवढं तरी झालं. तुमच्या ग्रुपवर ज्यांच्या गोळ्यांचे फोटो पडतात, त्यांना ते पडलेत हे माहीतसुद्धा नाही.

कायद्याचंही सांगते, कारण अंगावर येईल ते तुझ्या येईल, ज्याने सांगितलं त्याच्या नाही. एखादी स्त्री खासगी क्षणी असताना तिचं चित्रण केलं किंवा ते पसरवलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला किमान एक आणि कमाल तीन वर्षं कैद आहे. हातात सुरू असलेला कॅमेरा घेऊन तू दार उघडलंस आणि आतून बाई बाथरूमबाहेर आली, तर ‘मी बेडशीटचा फोटो काढत होतो’ हे तुझं कोण ऐकणार?

साहेबांशी भांडू नकोस, त्यांना दुसरा रस्ता दे. त्यांना खोलीची स्थिती कळायला हवी आहे, आणि त्यासाठी आमच्या वेळचा छापील रूम रिपोर्ट पुरेसा होता : ऑक्युपाइड, व्हेकंट, स्लेप्ट आउट, डबल लॉक, स्कँटी बॅगेज. पाहुणा रात्री आलाच नाही, सामान फार थोडं आहे, आतून कुलूप आहे, हे सगळं या पाच शब्दांत मावतं. मोडतोड असेल तर शब्दांत लिही, ‘खिडकीची काच तडकली’, आणि सुपरवायझरला खोलीत बोलावून दाखव. कोणी आजारी वाटलं, रडताना दिसलं, एखादं लहान मूल तासन्‌तास एकटं दिसलं, तर ते ग्रुपवर टाकायचं नाही. ड्यूटी मॅनेजरला फोन करून एकट्याला सांगायचं, लगेच. पाहुणा तुला काय म्हणेल, या भीतीने माझ्यासारखे दोन तास घालवू नकोस.

तुझ्या साहेबांना दाखवायला हे पान कापून घे. ऐकलं नाही तर मला परत लिही, मी त्यांना स्वतः पत्र लिहीन. आणि आतापर्यंतचे फोटो तुझ्या मोबाइलमध्ये असतील ते आज रात्रीच पुसून टाक. गॅलरीतलेही, आणि डिलीट केल्यावर ज्या फोल्डरमध्ये जातात तिथलेही.