फक्त १३ हजार किलोमीटर चाललेली २०१४ ची वॅगनआर घेतली आहे. सर्व्हिसिंगमध्ये काय काय करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी एका निवृत्त गृहस्थांची आहे, पेट्रोल, पहिलाच मालक, शेवटची दोन-तीन वर्षं बहुतेक वेळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. ताबा पुढच्या आठवड्यात मिळणार आहे आणि एजंट म्हणतोय, "एवढी कमी चाललीय, नुसतं ऑइल बदला आणि फिरवा." माझं नाशिकला गॅरेज आहे आणि अशा गाड्या माझ्याकडे सारख्या येतात. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आईवडील आठवड्यातून एकदा भाजीला नाहीतर देवळात जाण्यापुरती गाडी काढतात, मग गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि तेही थांबतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. नुसतं ऑइल बदलून ही गाडी हायवेला काढू नका.

या गाडीचं सर्व्हिसिंग किलोमीटरवर नाही, वयावर करायचं. मॅन्युअलमध्ये कामांपुढे किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात आणि "जे आधी येईल ते" अशी अट असते. रोज पळणाऱ्या गाडीचे किलोमीटर आधी भरतात, त्यामुळे महिन्यांच्या रकान्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. तुमच्या गाडीत नेमकं उलटं झालंय. इंजिन ऑइल १० हजार किमी किंवा एक वर्ष असं धरलं, तर मीटरच्या हिशेबाने ते एकदा बदलायला हवं होतं आणि वर्षांच्या हिशेबाने किमान दहा वेळा. सर्व्हिस सेंटरला नुसतं "सर्व्हिसिंग करा" म्हणालात तर मीटरवरचे १३ हजार बघून त्या टप्प्याची कामं निघतील. ब्रेक ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), रबराचे भाग ही कामं त्यात येतीलच असं नाही. जॉब कार्ड बनताना ती स्वतः सांगून लिहून घ्या.

सुरुवात टायरपासून करा, कारण तिथे एका दगडात दोन पक्षी मरतात. टायरच्या बाजूला 'डॉट' (DOT) या अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३१४ असेल तर टायर २०१४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे कधीकधी गाडीखाली डोकं घालून आतल्या बाजूने वाचावी लागते. चारही टायर आणि स्टेपनी, सगळ्यांवर गाडीच्याच वर्षाच्या आसपासचे आकडे असतील तर १३ हजार किलोमीटर खरे असण्याची शक्यता पुष्कळ आहे. आकडे मधल्याच एखाद्या वर्षाचे निघाले तर एजंटला विचारा की एवढ्या कमी रनिंगला टायर का बदलावे लागले. उत्तर साधंही असू शकतं, पण विचारायला हवं. सोबत गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी काढायला सांगा, त्यात दर वेळचं मीटर रीडिंग असतं. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झिजलंय आणि मीटर १३ हजार दाखवतंय, हे जमत नाही.

आता गंमत अशी की गाडी कमी चालल्याचा पुरावा म्हणून जे मूळ टायर तुम्हाला हवे आहेत, तेच तुम्हाला काढून टाकायचे आहेत. खाचा अगदी नव्यासारख्या दिसतील, एजंट नखाने खोली दाखवेल. त्याकडे लक्ष देऊ नका. रबर उन्हाने आणि हवेने कडक होतं. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासायचा आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसत असला तरी बदलायचा, हा कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. समृद्धी महामार्गावर उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवरून अकरा वर्षांचा टायर पळवणं म्हणजे जिवाशी खेळ. या एका बाबतीत मी कोणत्याही गिऱ्हाइकाचं ऐकत नाही.

दुसरं काम ब्रेकचं, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. गाडी उभी असली तरी शोषतंच. डॉट ३ प्रतीचं नवं, कोरडं ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळायला लागतं, तेच पाणी शोषलेलं असेल तर १४० च्या आसपास. कसारा किंवा माळशेज उतरताना ब्रेक तापतात, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. पार्किंगमधून गेटपर्यंत चालवून पाहिलेल्या गाडीत हे कधीच कळत नाही. म्हणून जुनं ऑइल पूर्ण काढून, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून नवं भरायचं. वरच्या डबीतलं उपसून तेवढंच नवं टाकलं तर काही उपयोग नाही. दर दोन वर्षांनी बदलायची ही गोष्ट आहे, आणि तुमच्या गाडीत बहुधा कारखान्यातून आलेलंच असेल. नवं असताना ते पारदर्शक, किंचित पिवळसर असतं. कोऱ्या चहासारखं दिसत असेल तर पुढे काही विचारायलाच नको.

मागच्या चाकांच्या ब्रेकचे ड्रम उघडायला लावा. ड्रमच्या आत लोखंडी शू असतात आणि त्यांवर चिकटवलेला लायनरचा पट्टा ड्रमला घासून ब्रेक लागतो. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे अशीच एक कमी चाललेली गाडी टोचन करून आणली होती. चार महिने हँडब्रेक ओढून उभी. हँडब्रेक सोडला तरी मागचं डावं चाक फिरेना. हातोडीने ड्रमला चहूबाजूंनी ठोकत ठोकत तो सैल केला आणि काढला, तर लायनरचा पट्टा शूवरून सुटून ड्रमलाच चिकटून बसला होता. नुसता लोखंडी शू हातात आला, त्यावर सुकलेल्या गोंदाचे डाग. चाक जोर करून फिरवलं असतं तर तो पट्टा आत मोकळा फिरला असता आणि कुठेतरी अडकून चाक जाम झालं असतं. म्हणून ड्रम काढून शू हाताने हलवून बघायचे, व्हील सिलेंडरची (शू ढकलणाऱ्या भागाची) रबरं उचकून आत ओल आहे का पाहायचं, पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना काढून स्वच्छ करून ग्रीस लावायचं. डिस्कवरचा वरवरचा गंज ब्रेक मारले की जातो, त्याला घाबरू नका. खड्डे पडले असतील तर मात्र डिस्क बदला. आणि यापुढे गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक सोडून ठेवा, पहिल्या गिअरमध्ये लावा आणि चाकाला दगड लावा.

इंजिनचं म्हणाल तर या वॅगनआरमध्ये ९९८ सीसीचं के-सीरिज इंजिन आहे, गुणी इंजिन आहे. इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी टायमिंग चेन त्याला लोखंडी आहे, त्यामुळे ती वयाने बदलायची चिंता नाही. हेच उत्तर वाचून कोणी जुनी सँट्रो झिंग किंवा अल्टो ८०० घेत असेल तर त्यांनी लक्षात ठेवावं की तिथे त्याच कामाला रबरी टायमिंग बेल्ट आहे आणि किलोमीटर कितीही कमी असले तरी दहा वर्षांचा बेल्ट बदलायचाच. तो तुटून होणारा खर्च बेल्टच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

ऑइलबद्दल मात्र थोडं समजून घ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी लांब पळाली, इंजिन नीट तापलं की ते सायलेन्सरमधून निघून जातं. घर ते भाजी मंडई एवढ्याच फेऱ्या असल्या तर इंजिन तापायच्या आतच बंद होतं. मग थोडं पाणी ऑइलमध्ये मिसळतं, थोडं सायलेन्सरच्या डब्यात साठून त्याला आतून गंजवतं. ऑइल भरायचं झाकण काढून आतल्या बाजूने बघा. साईसारखा पिवळट पांढरा थर दिसला तर तो बहुतेक वेळा याच ओलाव्याचा असतो. "हेड गॅस्केट गेलं" (म्हणजे इंजिनच्या आतलं सील फुटून कूलंट ऑइलमध्ये जातंय) म्हणून कोणी लगेच घाबरवलं तर आधी कूलंटची पातळी कमी होतेय का, कूलंटवर तेलाचा तवंग आहे का ते पाहा. दोन्ही नसेल तर ऑइल बदलून गाडी लांब पळवा, थर जातो.

माझी पद्धत अशी: मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर आत्ता बदलायचा, हजार-दीड हजार किलोमीटर चालवायचं आणि दोन्ही पुन्हा बदलायचं. जेमतेम तीन लिटरचा प्रश्न आहे. पहिलं नवं ऑइल आतला जुना चिकट मळ हळूहळू सोडवतं, दुसऱ्या वेळी तो बाहेर पडतो. बाटलीतून मिळणारं इंजिन फ्लश (आतला मळ धुणारं रसायन) अशा गाडीत मी वापरत नाही, कारण मळ एकदम सुटला तर ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसू शकतो.

पेट्रोल टाकीत किती महिन्यांचं आहे ते मालकांना विचारा. सहा महिन्यांपेक्षा जुनं असेल तर काढून टाका. आता पंपावर मिळतं ते बहुतेक ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलही पाणी ओढतं आणि उभ्या टाकीत ते पाणी तळाशी बसू शकतं. शिवाय ई२० ला चालतील असे भाग असणाऱ्या गाड्या सर्रास यायला लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून, तुमची त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या गॅरेजवाल्याला हाताने दाबून बघायला सांगा. चिरा दिसल्या, बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर नळ्या आधी बदला, बाकीचं नंतर.

कूलंट पूर्ण बदला, त्यातलं गंजरोधक कधीच संपलेलं असणार. नळाचं पाणी घालू देऊ नका. बॅटरी रात्रभर गाडी बंद ठेवून सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.४ च्या खाली बराच काळ पडून राहिलेली बॅटरी चार्ज करूनही फार दिवस टिकत नाही. एसी वर्षानुवर्षं लावला नसेल तर कॉम्प्रेसरचं सील सुकून गॅस गेलेला असतो. नुसता गॅस भरू नका, आधी लीक शोधायला सांगा. एअर फिल्टरचा डबा उघडा, उंदरांचं घरटं तिथेच सापडतं. एकदा मी कापूस, शेंगांची टरफलं आणि देवळातल्या प्रसादाची पिशवी एवढं सगळं एका डब्यातून काढलंय. घरटं सापडलं तर वायरिंग टॉर्च लावून पूर्ण तपासा. एक्सलचे बूट, लोअर आर्मचे बुश, फॅन बेल्ट, वायपर हे सगळं रबर. गाडी वर घ्यायला लावा आणि स्वतः खाली उभे राहून बघा.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, ब्रेकचं काम धरून २५ ते ३५ हजारांच्या घरात जाल. हा आकडा ताबा घेण्याआधीच एजंटसमोर ठेवा, टायरवरचे आकडे मोबाइलवर फोटो काढून दाखवा आणि किमतीत तेवढी घासाघीस करा. आणि गाडी पहिल्यांदा घरी आणताना जुन्या टायरवर, जुन्या ब्रेक ऑइलवर चालवत आणू नका. जवळचं गॅरेज बघा, हळू न्या, किंवा सरळ टोइंग व्हॅन सांगा.

सगळं काम झाल्यावर पहिला महिना रोज रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा टाकून ठेवा. वर्षानुवर्षं सुकलेली सीलं गाडी नियमित तापायला लागली की गळू लागतात, आणि ते कुठून हे पुठ्ठ्यावर सकाळी दिसतं. इंजिनखाली तपकिरी किंवा काळा डाग असेल तर ऑइल आहे, थेंब-दोन थेंब असेल तर डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी बघत राहा आणि पुढच्या ऑइलच्या वेळी दाखवा. हिरवा, निळा किंवा गुलाबी डाग कूलंटचा, तो त्याच आठवड्यात दाखवा. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, चांगलं लक्षण. पण एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, बोटाला बुळबुळीत लागणारं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल. मग गाडी हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.