नाताळला शेजाऱ्यांकडून आलेले ताट रिकामे परत करावे का?

आपण विचारले आहे की, शेजारच्या कॅथलिक कुटुंबाने नाताळच्या गोडाचे ताट पाठवले आहे, वडील वारल्यामुळे आपल्या घरी यंदा सण नाहीत, तर ताट रिकामे परत करावे की वर्षश्राद्ध होईपर्यंत घरीच ठेवावे. घरी ठेवू नये. आमच्याकडे ते ठेवले गेले होते, म्हणून हे लिहीत आहे.

गोव्यात, सासष्टीतल्या आमच्या वाड्यावर चतुर्थीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आमच्याकडून शेजारच्या आंटीकडे आणि नाताळच्या नेवऱ्या तिच्याकडून आमच्याकडे, हा क्रम माझ्या जन्माआधीपासून चालत आला होता. १९९८ च्या ऑगस्टमध्ये, चतुर्थीच्या तोंडावर, माझे वडील गेले. त्या वर्षी आमच्या नेवऱ्या गेल्या नाहीत आणि दिवाळीचे पोहेही कोणाकडे गेले नाहीत. नाताळला मात्र आंटीकडून नेहमीपेक्षा जास्त आले: दोदोल, दोस, कुलकुल, नेवऱ्या, बेबिंकेचे दोन जाड तुकडे आणि वर तिने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. हे सारे ज्या निळ्या काठाच्या मोठ्या बशीत आले, ती तिच्या लग्नात मिळालेल्या सहांपैकी एक होती.

आईने बशी धुऊन तिच्यात परसातला नारळ ठेवला होता. तेवढ्यात आत्याने निकाल दिला की, शोकाच्या घरातून काही बाहेर गेले तर अशुभ दुसऱ्याच्या दारात जाते आणि रिकामे भांडे दिले तर आपली लक्ष्मी जाते, तेव्हा वर्ष होईपर्यंत बशी फडताळातच राहू दे. आई नणंदेपुढे बोलली नाही. ३१ डिसेंबरला जुन्या कपड्यांत गवत भरून केलेला सरत्या वर्षाचा म्हातारा घेऊन वाड्यावरची मुले पैसे मागायला आली, त्यांत आंटीचा धाकटा मुलगाही होता. मी त्याला दहा रुपये दिले आणि बशीचा विषय काढला नाही.

पुढच्या सप्टेंबरात, चतुर्थीला, बशी नेवऱ्यांसह परत गेली. ती फुटली असावी आणि आम्हांला सांगायला संकोच वाटत असावा, असे समजून आंटीने नऊ महिने विचारलेच नव्हते. शोकाच्या वर्षी त्यांच्यातही घरी गोड करत नाहीत, शेजारी आणून देतात, म्हणून तर तिने ताट भरून पाठवले होते. परतफेडीची तिला अपेक्षाच नव्हती. त्या नाताळला तिचे गोड कागदी ताटात आले. आत्या आजही म्हणते की, आंटीलाही भांड्यांची कटकट नको होती. मला ते पटत नाही. माझ्या चुलतभावंडांपैकी कोणी हे वाचून आत्याला दाखवणार असेल, तर खुशाल दाखवावे.

आपण नारळ, केळी किंवा नुसती साखर घालून ताट आज संध्याकाळीच नेऊन द्यावे. काहीच नसेल तर रिकामे द्यावे, पण स्वतः जाऊन द्यावे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा अगदीच विरोध असेल तर त्यांच्याशी भांडू नये, हेही खरे. दुःखाच्या वर्षी ते कोणालाच झेपत नाही. आणि आपल्याकडे अंडी चालत नसतील तर बेबिंका बाजूला काढावी, तिच्यात बलक असतात. त्या वर्षीचे दोन्ही तुकडे आत्याने खाल्ले होते आणि तिला हे अजून कोणी सांगितलेले नाही.