एस-लॉग३ मध्ये शूट केलेल्या वेब सिरीजचं ग्रेडिंग (रंगदुरुस्ती) घरच्या घरी कसं करावं? लट लावला की चेहरे नारिंगी दिसतात.

पाच भागांचं एडिट लॉक झालंय आणि रंगदुरुस्ती करणाऱ्या डीआय स्टुडिओला द्यायला पैसे नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. काम घरी होईल. पण तो नेटवरून उतरवलेला लट, म्हणजे रंग बदलणारी तयार फाइल, आधी काढून टाका. एस-लॉग३ मध्ये, म्हणजे सोनी कॅमेऱ्याच्या मुद्दाम फिकट ठेवलेल्या चित्रात, १८ टक्क्यांचा ग्रे (मधला करडा) ४१ टक्क्यांवर बसतो, हे गृहीत धरून असे लट बनतात. तुमचा शॉट एक स्टॉप अंडर (निम्म्या उजेडाचा) आहे की व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिलाय, हे त्याला कुठून कळणार? तो सगळ्यांना एकाच मापाचा सदरा चढवतो.

डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. त्यात कॅमेऱ्याची १०-बिट फाइल उघडली नाही, तर आधी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये बदलून घ्या. प्रत्येक शॉटच्या शेवटच्या नोडवर (नोड म्हणजे दुरुस्तीचा एक टप्पा) कलर स्पेस ट्रान्सफॉर्म टाका, तो लॉगचं चित्र नेहमीच्या पडद्याच्या रंगांत आणतो: इनपुट एस-गॅमट३.सिने आणि एस-लॉग३, आउटपुट रेक.७०९ आणि गॅमा २.४. तुमची सगळी दुरुस्ती या नोडच्या आधी करा. तिथे ऑफसेटचं चाक फिरवलं की कॅमेऱ्यातच एक्सपोजर बदलल्यासारखं चित्र वागतं आणि खिडकीबाहेरचं आभाळ शूटमध्येच जळून गेलं नसेल तर तेही परत मिळतं.

आता खरं काम, म्हणजे शॉट जुळवणं. माझ्या पहिल्या सिरीजमध्ये एक प्रसंग होता. आई ओट्याशी पोळ्या लाटतेय, मुलगी दारात उभी राहून भांडतेय. आईचे क्लोजअप दुपारी खिडकीच्या उजेडात झाले, मुलीचे दिवेलागणीनंतर ट्यूबलाइटखाली. मी उत्साहाने आधी अख्ख्या भागाला लूक, म्हणजे एकच रंगछटा, चढवला. मग दर कटला वाटायला लागलं की दोघी वेगवेगळ्या घरात उभ्या राहून भांडतायत. आठवडाभराचं काम पुसून मी पुन्हा पहिल्या शॉटपासून सुरुवात केली.

तेव्हापासून मी प्रसंगातला सगळ्यात चांगला शॉट निवडतो, त्याचा स्टिल (थांबवलेलं चित्र) घेतो आणि बाकीचे शॉट वाइप करून, म्हणजे पडदा दोघांत वाटून, त्याच्या शेजारी लावतो. आधी वेव्हफॉर्मवर (उजेड दाखवणारा आलेख) चेहऱ्यांची उंची जुळवायची, मग रंग. मुलीच्या गालावर ट्यूबलाइटची हिरवट झाक होती, ती मॅजेंटाकडे थोडं सरकवल्यावर गेली. व्हेक्टरस्कोपवर (रंग दाखवणारा गोल आलेख) त्वचेची एक रेघ असते. गोरा असो की सावळा, चेहरा त्याच रेघेच्या आसपास पडतो, फरक असतो तो उजेडाचा. म्हणून कळकळीने सांगतो, सावळ्या नटाला उजळवू नका. आपल्याकडे ती सवय फार आहे. त्याच्या कपाळावरची, गालाच्या हाडावरची चमक सांभाळा, चेहरा आपोआप खुलतो.

लूक या सगळ्यानंतर. त्या प्रसंगात माझं माप होतं आईच्या कपाळावरचं कुंकू. लूक चढवताना कुंकू शेंदरी दिसायला लागलं की मी मागे यायचो. तुमच्या फ्रेममध्येही अशी एखादी वस्तू असेल, जिचा रंग प्रेक्षकाला पाठ आहे. हळद, कढीपत्ता, एसटीचा लाल.

रात्रीच्या प्रसंगांत जपा. चेहऱ्याची उजळ बाजू मी वेव्हफॉर्मवर ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही, कारण लोक हे मोबाइलवर, बसमध्ये, अर्ध्या ब्राइटनेसवर बघतात. एक भाग झाला की घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर लावून बघाच. फुकट आवृत्तीत नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणं) नाही, त्यामुळे अंडर शॉट ओढून वर आणू नका, तिथला काळोख काळोखच राहू द्या. ८-बिटमध्ये शूट केलं असेल तर आणखी जपून, कारण एका रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात (१०-बिटमध्ये १०२४) आणि थोडं ओढलं तरी कोऱ्या भिंतीवर पट्टे उमटतात.

मास्टर प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये काढून ठेवा. यूट्यूबवर टाकणार असाल तर १०८० चं कामही ४के करून चढवा, तिथे त्याला जास्त बिटरेट मिळतो.

आणि पुढच्या शूटला २५ फ्रेमवर शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/६० वर राहिलं तर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, आणि ते नंतर काढणं फार जड जातं.