वाचकांचे प्रश्न : बाबांच्या हाती एकच रिमोट

प्रश्न : माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. बैठकीत टीव्ही, डीटीएचचा बॉक्स आणि साउंडबार आहे. शेजारच्या कपाटावर बाबांचा जुना स्टीरिओ अॅम्प्लिफायर आणि सीडी प्लेयर. असे पाच रिमोट झाले. टीव्हीचा आवाज साउंडबारच्या रिमोटनं वाढतो आणि बाबा टीव्हीचाच रिमोट दाबत बसतात. अॅम्प्लिफायरच्या रिमोटवरचं आवाजाचं बटण तर आता अंगठा रोवून दाबावं लागतं. सकाळी त्यांना अभंग ऐकायचे असतात, पण आई किंवा मी लावून दिले तरच ऐकतात. दुपारी चारनंतर टीव्हीसुद्धा रिमोटला दाद देत नाही. हे सगळं एका रिमोटवर येईल का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : येईल, ताई. पण नवा रिमोट आणायच्या आधी अॅम्प्लिफायरचा तो थकलेला रिमोट दुरुस्त करून घ्या. तुम्हाला लागणार आहे तो ‘लर्निंग’ रिमोट, म्हणजे जुन्या रिमोटकडून शिकणारा. जुना रिमोट मेला तर शिकवणारच कोणी उरत नाही, आणि जुन्या अॅम्प्लिफायरचा कोड तयार यादीत सापडेलच असं नाही. बटणाच्या रबराखालचा काळा कार्बनचा थर झिजला की बटण असं जोर मागतं. रिमोट उघडून आतली पट्टी आणि रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलक्या हातानं पुसा. तरी भागलं नाही तर सीताबर्डीवर टीव्ही-रिमोट दुरुस्त करणाऱ्याकडून नवा कार्बन लावून घ्या. सेलच्या जागी पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर तीही साफ करायला सांगा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सेल लवकर पाझरतात.

आता साउंडबार. टीव्हीतून त्याच्याकडे कोणती वायर गेली आहे ते बघा. काढल्यावर टोकाला लाल उजेड दिसला तर ती ऑप्टिकल. तिच्यातून फक्त आवाज जातो, हुकूम जात नाही. त्याऐवजी एचडीएमआय वायर लावा, पण दोन्हीकडे ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज त्याच वायरनं साउंडबारकडे पाठवणारी सोय) किंवा ‘ईएआरसी’ (तिचीच पुढची आवृत्ती) लिहिलेल्या सॉकेटमध्येच. एआरसीची सोय २००९च्या एचडीएमआय १.४पासून आली, त्यामुळे त्याआधीच्या टीव्हीत ती मिळणार नाही. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’, म्हणजे एका यंत्राचा हुकूम वायरीतून दुसऱ्याला पोचवणारी सोय, चालू करा. प्रत्येक कंपनीनं त्याला आपलं नाव दिलं आहे : सॅमसंगमध्ये अॅनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. एवढं झालं की टीव्हीबरोबर साउंडबार सुरू होतो, बंद होतो आणि टीव्हीच्या रिमोटनं त्याचा आवाजही बदलतो. बाबांची निम्मी तक्रार इथेच मिटेल आणि खर्च फक्त एका वायरचा.

पुढचा भाग जरा निगुतीनं करायचा आहे. बाजारातल्या बहुतेक युनिव्हर्सल रिमोटांवर टीव्ही, बॉक्स, ऑडिओ अशी वेगवेगळी बटणं असतात. आधी त्यातलं एक दाबून त्या यंत्राचा ‘मोड’ निवडा, मग आवाज वाढवा. वयस्कर माणसाची इथेच फसगत होते, कारण आवाजाचं तेच बटण कधी टीव्हीचं असतं, कधी अॅम्प्लिफायरचं. त्यात बाबांची काहीच चूक नाही. म्हणून सगळी बटणं शिकू शकणारा रिमोट घ्या आणि शिकवताना एकाच मोडमध्ये राहा. एका मोडमध्ये वेगवेगळ्या यंत्रांची बटणं शिकवता येतात, हे दुकानदार सहसा सांगत नाही. वरची चॅनलची आणि आकड्यांची बटणं बॉक्सची, आवाजाची साउंडबारची, आणि खालची लाल-हिरवी-पिवळी-निळी व प्ले-स्टॉपची बटणं अॅम्प्लिफायर आणि सीडीसाठी. एका बटणाला कायमचं एकच काम.

साउंडबारच्या आवाजासाठी त्याचाच मूळ रिमोट नव्याला शिकवा. टीव्हीच्या अपडेटनंतर सीईसी कधीकधी आपोआप बंद पडतं. तेव्हाही आवाजाचं बटण बाबांना साथ देईल. मे महिन्यात कूलर पूर्ण वेगात असला की टीव्हीचा आवाज सारखा कमीजास्त करावा लागतो, म्हणून या बटणाकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देईन.

शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, दोन-तीन बोटं अंतर ठेवून मांडा. रिमोटच्या डोळ्यातला अदृश्य प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या लहानमोठ्या तुकड्यांत हुकूम असतो. नवा रिमोट तो तुकडा जसाच्या तसा पाठ करतो. त्या वेळी टेबलावर ऊन नको. कोणत्या रिमोटमधून हा प्रकाश निघतो हे बघायचं असेल तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर बटण दाबा. ठिपका चमकला तर शिकवता येतो. काहीच दिसलं नाही आणि सेल नवे असतील, तर तो बहुधा ब्लूटूथवर चालतो आणि त्याचं बटण अशा पद्धतीनं शिकवता येत नाही.

एका बटणावर सगळं सुरू करायचा मोह मात्र टाळा. जुन्या अॅम्प्लिफायरवर चालू आणि बंद यांचा हुकूम बहुधा एकच असतो. तो आधीच चालू असला तर तेच बटण त्याला बंद करतं, मग सीडी फिरत राहते आणि आवाज येत नाही. बाबांनी अॅम्प्लिफायरचं बटण वेगळं दाबावं, पुढचा दिवा बघावा, मग प्ले. लॉजिटेकचा हार्मनी रिमोट कोणी सुचवला तर तोही नको. कंपनीनं २०२१मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं आणि त्याची सेटिंग कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असते. मोबाइलमधला रिमोट तुमच्यासाठी ठीक, बाबांच्या अंगठ्याला बटणाचा उंचवटा लागतो.

दुपारी चारनंतरच्या अडचणीचं कारण बहुधा पश्चिमेची खिडकी असावी. उन्हातही तोच अदृश्य प्रकाश भरपूर असतो. तो थेट टीव्हीच्या डोळ्यावर पडला की रिमोटचा हुकूम त्यात बुडतो. जाड पडदा लावा, किंवा टीव्ही थोडा वळवा.

शेवटी, शिकवलेल्या प्रत्येक बटणाशेजारी मराठीत मोठी अक्षरं चिकटवा : अभंग सुरू, अभंग बंद, आवाज वाढवा. बिनकामाच्या बटणांवर पारदर्शक नाही, रंगीत टेप लावा. नंतर तुम्ही आणि आई बाजूला व्हा आणि सकाळची पहिली सीडी बाबांनाच लावू द्या, वेळ लागला तरी. जुने पाचही रिमोट सेल काढून एका डब्यात जपून ठेवा. काही लर्निंग रिमोट सेल बराच वेळ बाहेर राहिले की शिकलेलं विसरतात, तेव्हा सेल बदलताना नवे आधी हाताशी घ्या आणि जुने मग काढा.