स्क्रीन बंद झाली की नेटवरून कॉल करायच्या अ‍ॅपवर कॉल येत नाही? आधी एवढं बघा

अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका. नवीन माणूस आधी तेच करतो आणि भरलेली सेटिंग्ज हातची जातात. दोष बहुतेकदा बॅटरी बचतीचा असतो. अँड्रॉइड ६ पासून स्क्रीन बंद करून फोन नुसता पडून राहिला की तो ‘डोझ’मध्ये (बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत) जातो आणि अ‍ॅपचं नेट थांबवतो.

- फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅपचा बॅटरी वापर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ (निर्बंध नाही) करा.
- बॅकग्राउंड डेटा चालू ठेवा, डेटा सेव्हरमधून अ‍ॅपला सूट द्या.
- अ‍ॅपमध्ये पुश नोटिफिकेशनची (कॉल आला की सर्व्हरने झोपलेल्या अ‍ॅपला जागं करायची) सोय असेल तर नक्की वापरा.

एका वेळी एकच बदल. मग चार्जर काढा (चार्जिंगवर डोझ लागत नाही, इथेच बरेच जण फसतात), तासभर फोनला हात लावू नका आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करा. पोर्ट, कीप-अलाइव्ह (सर्व्हरशी जोडणीची अ‍ॅपमधली सेटिंग्ज) सध्या आहेत तशीच राहू द्या. नाहीच वाजला तर फोनचं मॉडेल सांगा, पुढचं मिळून बघू.