‘रीवर्क्ड’ सूक्ष्मजीवाश्म: पुनर्निर्मित की फेरसंचित?

प्रश्न: भूविज्ञानावरील एका लेखाच्या अनुवादात ‘रीवर्क्ड मायक्रोफॉसिल्स’साठी ‘पुनर्निर्मित सूक्ष्मजीवाश्म’ असा शब्द योजला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर: माझ्या मते तो बदलायलाच हवा, कारण त्याने अर्थ उलटा होतो. निर्मिती म्हटली की काहीतरी नव्याने घडणे आले; येथे जीवाश्म नव्याने घडत नाही. जुन्या खडकाची झीज होताना तो सुटा होतो, पाण्याबरोबर किंवा बर्फाबरोबर दूर जातो आणि वयाने कितीतरी लहान असलेल्या गाळात पुन्हा विसावतो. जागा बदलते, वय बदलत नाही, आणि गाळ कोठून आला हे शोधणाऱ्याला त्याचा उपयोग होतो तो नेमका यामुळेच.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉरफक परगण्याचे उदाहरण घेऊ. तेथे सुमारे ४.५ लाख वर्षांपूर्वी हिमनद्यांनी आणून टाकलेली गोटेमिश्रित चिकणमाती आहे. ती हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवली की खनिजे निघून जातात, पण चिवट भित्तीचे बीजाणू आणि परागकण शिल्लक राहतात. त्यांत लायकोस्पोरासारखे, ३० कोटी वर्षांहून जुन्या कार्बोनिफेरस दलदलींतील वृक्षांचे बीजाणू सापडतात. ते त्या मातीच्या काळातले असणे शक्यच नाही. मात्र त्या वयाचे कोळशाचे थर उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात आहेत. सोबत त्यानंतरच्या ज्युरासिक काळातील सूक्ष्मजीवाश्म असले, तर बर्फाच्या वाटेत यॉर्कशायरच्या किनाऱ्यासारखे ज्युरासिक खडकही आले असावेत, असे अनुमान करता येते. रंगाचीही मदत होते: खडकात खोल गाडले जाऊन तापलेले बीजाणू पिवळ्याचे तपकिरी आणि पुढे काळे होतात, त्यामुळे एकाच काचपट्टीवर वेगवेगळा भूतकाळ असलेले कण वेगळे ओळखता येतात.

आता शब्दाकडे वळू. नदीच्या कार्यासाठी शालेय भूगोलात खनन, वहन आणि संचयन ही त्रयी रुळलेली आहे; तिच्यातील ‘संचयन’च येथे घ्यावे. ‘पुनर्संचित’ असे मात्र लिहू नये, कारण ‘पुनर्जन्म’, ‘पुनर्विवाह’ यांत पुढे मृदू वर्ण असल्याने विसर्गाचा रफार होतो, तर ‘स’ हा कठोर असल्याने शुद्ध रूप ‘पुनःसंचित’ असे होते. ते बिनचूक असले तरी उच्चारायला अवघड आहे. त्याऐवजी ‘फेरविचार’, ‘फेरतपासणी’ यांच्या धर्तीवर ‘फेरसंचित’ मला अधिक मराठमोळे वाटते. आणखी एक सोय अशी की ‘फेर’ने आवर्तनांची संख्या ठरत नाही. एखादा बीजाणू कार्बोनिफेरस थरातून ज्युरासिक गाळात आणि तेथून हिमनदीच्या मातीत असा दोनदा हललेला असू शकतो, आणि तसे असेल तर बर्फाने तो कार्बोनिफेरस खडकावरूनच उचलला असे म्हणता येत नाही. म्हणून ‘दुय्यम’ हाही पर्याय मी टाळीन.

एक भेद मात्र अनुवादकाने कसोशीने पाळावा. विंधनविहिरीत वरच्या थरांतील कोवळे जीवाश्म खाली पडून जुन्या थराच्या नमुन्यात मिसळतात. त्यांना ‘ढासळलेले’ म्हणावे. फेरसंचित जीवाश्म सभोवतीच्या थराहून जुने असतात, ढासळलेले त्याहून नवे.

आपल्या लेखात म्हणून असे लिहिता येईल: ‘या थरातील फेरसंचित सूक्ष्मजीवाश्मांवरून गाळाचा मूळ खडक ओळखता येतो.’