छोटा धंदा सांभाळून पॉडकास्ट ऐकण्याचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं स्टेशनरीचं दुकान आहे, जो तो पॉडकास्ट ऐका म्हणतो, पण दोन-दोन तास ऐकूनही दुकानात काही बदलत नाही. मग ऐकावं की सोडून द्यावं?

ऐकावं. मिरजेत माझा मसाले, भाजणी आणि मेतकुटाचा छोटा कारखाना आहे, आम्ही सहा जणी मिळून चालवतो. चार वर्षांपासून नियमाने ऐकते. पहिलं दीड वर्ष माझंही तुमच्यासारखंच झालं. ऐकताना अंगात वारं शिरायचं आणि सकाळी बघावं तर मिरचीची पोती तीच, उधारीची वहीही तीच.

अमेरिकन पत्रकार गाय रॅझ यांचा 'हाऊ आय बिल्ट धिस' हा उद्योजकांच्या मुलाखतींचा पॉडकास्ट २०१६ पासून चालू आहे. मुलाखत संपताना ते पाहुण्याला विचारतात, तुमच्या यशात नशिबाचा वाटा किती आणि कष्टांचा किती? हा प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकून माझ्या लक्षात आलं की इथे बोलायला येतात ते टिकलेले लोक. त्याच युक्त्या करून बुडालेल्यांना माईकसमोर कोण बसवतं? तेव्हापासून पाहुण्याचं उत्तर उचलायचं मी सोडलं. त्याला कोणता प्रश्न पडला होता तेवढा लिहून घेते आणि तो माझ्या वहीला विचारते.

उधारीचंच सांगते. एका भागात कुणीतरी म्हणालं की छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेच लागतात, तसा कायदा आहे. त्याच रात्री वही काढून बसले. एका मोठ्या दुकानदाराकडून माझे पैसे सरासरी ८० दिवसांनी येत होते आणि मी मात्र मिरची रोखीने घेत होते. दुसऱ्या दिवशी सीएंकडे गेले. त्यांनी सगळं नीट उलगडून सांगितलं. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, उत्पादक म्हणून आहे, त्यामुळे मला हे लागू. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना मात्र उशिराच्या पैशांबाबतचं हे संरक्षण नाही. म्हणजे तुमच्या दुकानाला त्याचा उपयोग नाही! पॉडकास्टवर हा फरक कुणी सांगितलाच नव्हता. म्हणून कायदा आणि कर यांबद्दल कानावर पडलेलं काहीही सीएंना विचारल्याशिवाय वापरू नका.

त्या दुकानदाराला मी कायदा दाखवला नाही, संबंध तुटले असते. बिलावर उद्यम क्रमांक छापला आणि ४५ दिवसांचा साधा करार पुढे ठेवला. त्यांच्या हिशेबनिसाला लगेच समजलं. आता पैसे दीड महिन्याच्या आत येतात आणि मार्चमध्ये ब्याडगी उचलायला मला कर्ज काढावं लागत नाही.

दुसरा अनुभव इतका सरळ नाही. 'अ‍ॅक्वायर्ड' या पॉडकास्टचा २०२३ मधला कॉस्टको या अमेरिकन दुकानसाखळीवरचा भाग मी तीन वेळा ऐकला. एवढं अवाढव्य दुकान, पण जिन्नस मोजले तर चार हजारांच्या आतच. इतर सुपरमार्केटांत हाच आकडा कितीतरी हजारांनी जास्त असतो. जिन्नस कमी म्हणजे प्रत्येकाची खरेदी मोठी, भाव चांगला, आणि माल इतका भराभर खपतो की बऱ्याचदा पुरवठादाराला पैसे द्यायच्या आत तो विकलेला असतो. मी माझे जिन्नस मोजले. ३४ निघाले. विक्रीचा मोठा भाग अकरा जिनसांचा, बाकीच्यांच्या छापील पाकिटांत पैसा अडकून पडलेला, कारण छपाईवाला हजारांच्या खाली ऑर्डर घेत नाही. आठ जिन्नस बंद केले.

त्यात उपवासाची भाजणीही गेली. आषाढी, नवरात्र, महाशिवरात्र सोडली तर तिला गिऱ्हाईक नव्हतं. आषाढीच्या आठवड्यात नेहमीच्या एक काकू आल्या, भाजणी नाही म्हटल्यावर हातातलं मेतकूट आणि गोडा मसाला परत ठेवला. म्हणाल्या, "मग सगळं एकाच ठिकाणी घेते गं, दोन फेऱ्या होत नाहीत आता." त्या गेल्यावर मी मागच्या वर्षीची बिलं काढली. ज्या बिलांत उपवासाची भाजणी होती, तीच नेमकी सगळ्यांत मोठी होती. जिनसाची विक्री बघितली होती, बिल बघितलं नव्हतं. राजगिरा, वरी, साबुदाणा पुन्हा भाजायला घेतला. या वेळी साध्या पाकिटावर लेबल चिकटवून, म्हणजे छपाईत पैसा अडकत नाही. बाकीचे सात जिन्नस बंदच आहेत, त्यांची चौकशीही कुणी करत नाही.

ऐकायचं कधी, तर मी मिरचीचे देठ खुडताना ऐकते. कांडप चालू असताना कानात काही घालत नाही, पट्ट्याचा आवाज बदलला तर तो कळायला हवा. गिऱ्हाईक समोर असताना तर नाहीच. आठवड्याला एकच भाग, आणि वहीत एकच प्रश्न. त्यावर महिनाभर काम केल्याशिवाय पुढचा प्रश्न हातात घेत नाही.

तुमच्याकडे जूनचा हंगाम मोठा असणार. तो सरल्यावर रॅकवर काय उरलं, कुठल्या वह्या, कुठल्या कंपास पेट्या, आणि त्यात किती रुपये अडकले, याची यादी आधी हाताने लिहा. मग ती समोर ठेवून कॉस्टकोचा भाग लावा.